जिंकले किती, धरायचे किती

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये (अंडाकृती चेंडूचा, हातात धरून पळायचा तो खेळ) सर्वाधिक विजय कोणाचे, हा प्रश्न तूर्त मिटलेला आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये मेरीलँडला ३१-२४ असं हरवून मिशिगन विद्यापीठाच्या संघाने हजारावा विजय नोंदवला. तिथवर आधी कोणीच पोहोचलं नव्हतं. भांडण आहे ते जिंकलेल्या सामन्यांच्या टक्केवारीचं. मिशिगन, नोटर डेम आणि ओहायो स्टेट यांच्यात कित्येक हंगाम तिसऱ्या दशांशस्थळावरून हमरीतुमरी चालली. अलीकडे ओहायो स्टेट वर आहे.

हिशेब सुरू होतो १८६९ मध्ये, रटगर्सने प्रिन्स्टनला ६-४ हरवलं तिथून. सुरुवातीची काही दशकं येल अजिंक्यच म्हणावं असं होतं. १८८८ च्या हंगामात त्यांनी १३ सामन्यांत ६९८ गुण केले आणि एकही दिला नाही. त्या काळात नावाजलेल्या संघांच्या खात्यात हौशी क्लबांवरचेही विजय जमा होत. ते आजच्या विजयांच्या पंक्तीला बसवायचे का, यावर चाहते अजून भांडतात. एकूण विजयांत येल थेट २००१ पर्यंत पुढे होतं, मग मिशिगनने गाठलं. तोवर येल कॉलेज फुटबॉलच्या सर्वांत वरच्या गटातून बाहेर पडून बराच काळ लोटला होता.

दुसरी अडचण बरोबरीची. १९९६ च्या हंगामापासून वरच्या गटात सामना जादा वेळेत निकाली काढतात. त्याआधी बरोबरी चालत असे, आणि टक्केवारीत ती अर्धा विजय, अर्धा पराभव धरली जाते. बहुतेक सामने जिंकणाऱ्या संघाला हा अर्धा तोट्याचाच. ओहायो स्टेटच्या खात्यात ५३ बरोबरी आहेत, मिशिगनच्या ३६. बरोबरी वगळून हिशेब मांडा, म्हणजे ओहायोचा आकडा जास्त वर सरकतो. तसा हिशेब मांडणारा कुठल्या गावचा, हे विचारावं लागत नाही.

पण खरा गोंधळ घातला तो एनसीएए या नियामक संस्थेच्या शिक्षांनी. नियम मोडल्याचं उघड झालं की विजय रद्द होतात, मात्र ते प्रतिस्पर्ध्याला मिळत नाहीत आणि शिक्षा झालेल्या संघाचे पराभवही पुसले जात नाहीत. नोटर डेमचं उदाहरण घ्या. २०१२ मध्ये त्यांनी १२ पैकी १२ सामने जिंकले आणि अजिंक्यपदाच्या लढतीत अलाबामाकडून ४२-१४ मार खाल्ला. पुढे खेळाडूंचा अभ्यास दुसऱ्याच कोणीतरी केल्याचं प्रकरण बाहेर आलं आणि २०१८ मध्ये त्यांचं अपील फेटाळलं गेलं. २०१२ आणि २०१३ चे मिळून २१ विजय गेले. आता २०१२ ची अधिकृत नोंद शून्य विजय, एक पराभव अशी आहे. शिक्षा म्हणून हे मला हास्यास्पदच वाटतं. पेन स्टेटचे तर २०१२ मध्ये रद्द झालेले ११२ विजय २०१५ मध्ये परतही दिले गेले.

ओहायो स्टेटही यातून सुटलेलं नाही. त्यांचे २०१० चे सगळे, म्हणजे १२ विजय रद्द आहेत आणि त्यात मिशिगनला ३७-७ असं हरवलेला सामनाही येतो. त्यामुळे मिशिगनच्या नावावर तो पराभव कायम आहे, ओहायोच्या नावावर मात्र विजय नाही.