विमानामागची पांढरी रेघ: हिशेबाबाहेर राहिलेल्या तापमानवाढीची पार्श्वभूमी

थंडीच्या दिवसांत पहाटे अजिंक्यतारा चढणाऱ्या सातारकरांना उंचावरून जाणाऱ्या विमानामागे कधीकधी पांढरी रेघ दिसते. बहुतेक वेळा ती क्षणभरात विरते. एखाद्या दिवशी मात्र ती टिकते, हळूहळू रुंदावते आणि पिंजलेल्या कापसासारखा पातळ ढग होऊन राहते. आपण तिला धुराची रेघ म्हणत असलो, तरी तो धूर नसतो. इंजिनातून बाहेर पडलेली वाफ अतिथंड हवेत काजळीच्या कणांभोवती गोठते, आणि भोवतालची हवा पुरेशी दमट असेल तर ते हिमकण तासन्‌तास टिकतात. असा ढग दिवसा थोडे ऊन परतवतो, रात्री मात्र जमिनीची ऊब फक्त अडवून धरतो. आभाळ भरलेल्या रात्री थंडी का पडत नाही, हे तासगावच्या द्राक्षबागायतदाराला सांगावे लागत नाही. तत्त्व तेच आहे.

ही रेघ केव्हा उमटते याचा निकष जर्मनीत श्मिट यांनी १९४१ मध्ये आणि अमेरिकेत ॲपलमन यांनी १९५३ मध्ये मांडला. त्या काळची चिंता वेगळी होती, कारण रेघेमुळे लढाऊ विमान शत्रूच्या नजरेस पडत असे. पुढे १९७१ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हॅरॉल्ड जॉन्स्टन यांनी स्वनातीत, म्हणजे आवाजाहून वेगवान, विमानांतील नायट्रोजन ऑक्साइडमुळे ओझोनच्या थराला धोका असल्याचा इशारा दिला. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, १९८१ मध्ये इंजिनांच्या उत्सर्जनाची मानके स्वीकारली खरी. पण ती उड्डाण आणि उतरण्याच्या टप्प्यापुरती, सुमारे ३,००० फुटांखालच्या हवेसाठी होती. विमानतळाशेजारी राहणाऱ्यांच्या श्वासाचा विचार त्यात होता, ३५,००० फुटांवरच्या आभाळाचा नव्हता.

१९९७ च्या क्योटो या हवामानविषयक आंतरराष्ट्रीय करारात आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीचे उत्सर्जन देशांच्या उद्दिष्टांत न धरता आयकाओकडे सोपवले गेले. दोनच वर्षांनी आयपीसीसीने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक तज्ज्ञ समितीने, विमान वाहतुकीवर विशेष अहवाल काढला. विमानांचा १९९२ मधील एकूण तापमान-परिणाम एकट्या कार्बन डायऑक्साइडच्या दोन ते चार पट असावा, असा त्यातला अंदाज होता. म्हणजे धोरणकर्त्यांना अजाण म्हणण्याची सोय तेव्हाच संपली होती.

अडले ते मोजमापावर. एक किलो इंधन जळले की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, त्यामुळे इंधनाची पावती हाती आली की हिशेब झाला. रेघेचे तसे नाही. तेच विमान, तेवढेच इंधन, पण उंची, वेळ आणि हवेतला दमटपणा बदलला की परिणाम शून्यही असू शकतो किंवा फार मोठाही. जपानच्या हवाई क्षेत्रावरील २०२० च्या एका अभ्यासात अवघ्या २.२ टक्के उड्डाणांमुळे रेघांच्या तापमान-परिणामापैकी ८० टक्के परिणाम झाल्याचे आढळले. म्हणूनच कार्बन डायऑक्साइडच्या आकड्याला सर्वांसाठी सरसकट एकाच गुणकाने गुणून बाकीचे परिणाम धरण्याची कल्पना मला अपुरी वाटते: रेघ टाळण्यासाठी उंची बदलणाऱ्या वैमानिकाला त्या बदलाचा काहीच फायदा मिळत नाही, उलट जादा इंधनाचा भार मात्र गुणून त्याच्याच कंपनीवर पडतो.

युरोपीय संघाने २०१२ पासून विमानांना उत्सर्जन-व्यापारात, म्हणजे उत्सर्जनाइतके परवाने जमा करण्याच्या व्यवस्थेत, आणले, तेही फक्त कार्बन डायऑक्साइडपुरते. तेवढ्यावरही वाद पेटला. सप्टेंबर २०११ मध्ये दिल्लीत भारतासह अनेक देशांनी संयुक्त निवेदन काढून विरोध नोंदवला आणि युरोपाबाहेर जाणाऱ्या-येणाऱ्या उड्डाणांपुरता तो नियम स्थगित करावा लागला. २०१६ मध्ये आयकाओने कोर्सिया ही योजना स्वीकारली, म्हणजे वाढीव कार्बन डायऑक्साइडची भरपाई इतरत्र उत्सर्जन कमी करून करायची; तिच्यातही रेघेसारखे बाकीचे परिणाम नाहीत.

वळण आले ते २०२० मध्ये. विमान वाहतुकीच्या एकूण तापमान-परिणामापैकी सुमारे दोन तृतीयांश वाटा कार्बन डायऑक्साइडखेरीजच्या घटकांचा असल्याचा व्यापक आढावा त्या वर्षी प्रसिद्ध झाला. त्यातली अनिश्चितता मोठी आहे, हेही त्याच आढाव्यात स्पष्ट लिहिलेले आहे. २०२३ मध्ये युरोपीय संघाने कायदा बदलून २०२५ पासून विमान कंपन्यांनी या परिणामांची नोंद ठेवून अहवाल द्यावा असे ठरवले. सुरुवात युरोपांतर्गत उड्डाणांपासून, आणि २०२७ पासून बाहेरच्या उड्डाणांचाही समावेश, असा तो क्रम होता. त्यात अजून पैसे भरायचे नाहीत, फक्त मोजायचे आहे.

आपल्या अक्षांशांवर विमानांच्या उंचीवरची हवा युरोपच्या मानाने उबदार असल्याने टिकाऊ रेघा कमी उमटतात, म्हणून तिकडचे आकडे इकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. इथली मोजणी इथेच व्हायला हवी. ढगांचे सूक्ष्म भौतिकशास्त्र अभ्यासणारी उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची प्रयोगशाळा आपल्याच जिल्ह्यात, महाबळेश्वरला, २०१२ पासून आहे. भारतीय कंपन्यांना कोर्सियाचे बंधन २०२७ पासून लागू होते, आणि त्या हिशेबाच्या वहीत पांढऱ्या रेघेसाठी अजून रकाना नाही.