फड वेगळा, बारी वेगळी

टीव्हीवर 'पिंजरा' लागला की आमच्या घरात कुणीतरी हमखास म्हणतं, "काय संगीतबारी असायची बघ पूर्वी!" माझा चहा तिथेच राहतो. कारण त्यातल्या नाचणाऱ्या चंद्रकलेची ती संगीतबारी, म्हणजे नुसत्या लावण्यांची मैफल नाहीच, तो तमाशाचा फड आहे, गोष्ट सांगणारा. सिनेमातच पुरावा आहे. तिच्या नादी लागलेल्या गुरुजींची घसरण दाखवायला शांतारामबापूंनी त्यांच्या हातात काय दिलं? तुणतुणं. तुणतुणं हे फडाचं वाद्य. बारीत सुराला पेटी लागते, आणि पेटीवर बसायला गुरुजींना आधी काही वर्षं तालीम घ्यावी लागली असती.

घोळ फक्त आमच्या घरातला नाही. नऊवारी, घुंगरू आणि ढोलकीचा तोडा एवढं दिसलं की आपण सरसकट 'तमाशा' म्हणून मोकळे होतो. त्यात रस्त्याकडेला जी कलाकेंद्रं लागतात, त्यांच्या पाट्यांवर बऱ्याचदा 'लोकनाट्य' लिहिलेलं असतं आणि आत नाट्य औषधालाही नसतं. आत असते बारी.

आधी फड. ढोलकी फडाचा तमाशा म्हणजे फिरतं नाटक. ट्रक, तंबू, कनात, जनरेटर, तिकीटखिडकी आणि पन्नास-शंभर माणसांचा स्वयंपाक असा सगळा संसार बरोबर. सुरुवातीला ढोलकी आणि हलगीची जुगलबंदी. मग गण, म्हणजे गणपतीचं स्तवन. मग गौळण: मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, वाट अडवणारा कृष्ण, त्याचा सवंगडी पेंद्या आणि त्या सगळ्यांना पुरून उरणारी मावशी. मावशी म्हणजे पदर घेतलेला पुरुष, आणि माझ्या मते तमाशातली सगळ्यात अवघड भूमिका. अंगविक्षेप करून हसवणारे पुष्कळ असतात. नुसता पदर सावरून, एक भुवई उडवून "अगं बाई, हा कोण मेला?" एवढ्यावर तंबू डोक्यावर घ्यायला लावणारी मावशी क्वचित भेटते. पुढे बतावणी (विनोदी संवाद), रंगबाजी (म्हणजे नाचगाणी, हल्ली तिथे सिनेमाची गाणीच जास्त) आणि शेवटी वग, म्हणजे खरं नाटक.

वग हाच फडाचा जीव. लहानपणी आमच्या गावच्या जत्रेत तो सुरू व्हायला रात्रीचा एक-दीड वाजायचा. आम्ही पोरं तोवर पोत्यावर झोपलेली. राजाच्या दरबाराचा पडदा लागला की आजोबा कोपराने ढोसायचे, "ऊठ, आता खरा तमाशा." रंगबाजी संपली की शिट्ट्या मारणारी तरणी पोरं निघून जायची आणि म्हातारी माणसं पुढे सरकून बसायची. कवलापूरचे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ 'काळू-बाळू' म्हणून घरोघरी पोचले ते वगामुळेच. 'जहरी प्याला'तले त्यांचे दोन हवालदार इतके गाजले की खरी नावं मागे पडली. फडाला असा सोंगाड्या, म्हणजे हसवणारा नट लागतो, मागून सुरात साथ देणारे झीलकरी लागतात, खलनायक लागतो. विठाबाई नारायणगावकरांसारखी बाई फडाची मालकीण असली तरी खेळ उभा राहतो तो बाया-पुरुष मिळूनच.

बारीत हे काहीच नाही. बारी म्हणजे पाळी. एका थिएटरात अनेक पार्ट्या मुक्कामाला असतात आणि एकीनंतर एक रंगमंचावर येतात, म्हणून बारी. पार्टी आठ-दहा जणांची, बहुतेक वेळा मालकीण बाईच, आणि नावही तिचंच. पुरुष असतात ते पेटीवर, तबल्यावर, ढोलकीवर. सोंगाड्या नाही, राजा नाही, गोष्ट नाही. आहे ती लावणी आणि समोरच्याची फर्माईश. दौलतजादा, म्हणजे प्रेक्षकांनी खूश होऊन दिलेले पैसे, मात्र दोन्हीकडे आहे. फडात सोंगाड्या बक्षीस देणाऱ्याचं नाव मोठ्याने पुकारतो, बारीत नोट दिली की आवडीची लावणी पुन्हा सुरू होते.

बारीचा कस लागतो बैठकीच्या लावणीत. एकदा एका प्रौढ कलावंतीणबाईंना मी जवळून बघितलं. मांडी घालून बसलेल्या, पायात घुंगरू नाही. ओळ एवढीच की सख्याने यायचं कबूल केलं होतं. पहिल्यांदा म्हणताना नजर दाराकडे. दुसऱ्यांदा बोटाने पदराचं टोक पिळलं, रुसवा झाला. तिसऱ्यांदा 'कबूल' या शब्दावर मान किंचित तिरकी, म्हणजे तुझी कबुली मला ठाऊक आहे. चौथ्यांदा त्या हसल्या आणि आमच्यातलाच कुणीतरी तो खोटारडा सखा असल्यासारखे आम्ही सगळे खाली बघायला लागलो. दहा मिनिटं झाली, ओळ तीच. वाईच्या यमुनाबाईंना २०१२ साली पद्मश्री मिळाली ती याच अदाकारीच्या परंपरेतल्या गायकीसाठी.

म्हणून फडाची लावणी आणि बैठकीची लावणी एका तागडीत घालू नयेत. फडाची लावणी तंबूतल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचायची असते. ती उभ्याने, ठसक्यात, ढोलकीच्या जोरावर जाते. बैठकीची लावणी चार हातांवरून बघायची असते. सिनेमाने केलं काय, तर फडाची गर्दी घेतली आणि तिच्यासमोर बारीच्या भुवया क्लोजअपमध्ये ठेवल्या. कॅमेऱ्याला ते जमतं, तंबूतल्या मागच्या रांगेला काय दिसणार? गाणी मला आवडतात, 'अप्सरा आली' लागलं की मीही आवाज वाढवतो. पण 'नटरंग' बघताना खरी गोष्ट त्या गाण्यात नाही. ती त्याचा नायक गुणा याच्या नाच्या होण्यात आहे, आणि नाच्या, म्हणजे बायकी हावभाव करणारा पुरुष, ही फडाचीच गरज. बारीच्या जगात गुणाची शोकांतिका घडलीच नसती, त्याला फार तर ढोलकी शिकावी लागली असती. 'एक होता विदूषक'मधला लक्ष्मीकांत बेर्डेंचा सोंगाड्याही असाच, फडाखेरीज कुठून येणार?

बघायचं तर ठिकाणंही वेगळी. फडाची सुपारी द्यायला गावोगावचे पुढारी पाडव्याच्या सुमारास नारायणगावला येतात. तिथे फडमालकांच्या राहुट्या लागलेल्या असतात आणि जत्रांच्या तारखा तिथेच ठरतात. बारीसाठी पुण्यात आर्यभूषण थिएटर, नाहीतर चौफुला, जामखेड, मोडनिंब.

मागे एका मित्राला कलाकेंद्रात घेऊन गेलो होतो. तीन लावण्या झाल्या तसा तो चुळबुळ करायला लागला. शेवटी मध्ये जरा उसंत मिळाली तेव्हा त्याने पेटीवाल्या मास्तरांनाच विचारलं, "वग कधी सुरू होणार?" मास्तरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "वगाला जत्रेत जावा, पाव्हणं," म्हणाले आणि पुढच्या लावणीचा सूर धरला.