प्रीतिलता कोण आणि कल्पना कोण?

प्रीतिलता वड्डेदार आणि कल्पना दत्त यांची गल्लत होते, त्यात वाचणाऱ्याचा फारसा दोष नाही. प्रीतिलता 1911 ची, कल्पना 1913 ची. दोघी चितगावच्या, तिथल्याच खास्तगीर मुलींच्या शाळेतल्या. पुढे दोघी कलकत्त्याच्या बेथून कॉलेजात गेल्या आणि दोघी इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या मास्टरदा सूर्य सेन यांच्या क्रांतिकारक गटात सामील झाल्या. भरीस भर म्हणजे दोघींनी पुरुषवेश केला, तोही एकाच कामगिरीपायी.

18 एप्रिल 1930 ला चितगावच्या शस्त्रागारावर झालेल्या हल्ल्यात मात्र दोघींपैकी कुणीच नव्हतं. अनेक लेखांत त्यांना तिथे खुशाल नेऊन बसवलेलं असतं. त्या रात्री क्रांतिकारकांना पहाडतळीचा युरोपियन क्लबही गाठायचा होता, पण गुड फ्रायडेमुळे तिथे जवळपास शुकशुकाट होता. हेच राहून गेलेलं काम 1932 मध्ये मास्टरदांनी या दोघींवर सोपवलं.

तोवर दोघी आपापल्या परीने तयार झाल्या होत्या. कल्पना विज्ञानाची विद्यार्थिनी. स्फोटकं बनवणं हा तिचा प्रांत. शस्त्रागार हल्ल्याच्या खटल्यातल्या साथीदारांना सोडवण्यासाठी तुरुंग आणि न्यायालय सुरुंगाने उडवण्याचा जो बेत फसला, त्यातही ती होती. प्रीतिलताचा विषय तत्त्वज्ञान. फाशीची वाट पाहणाऱ्या क्रांतिकारक रामकृष्ण विश्वासला भेटायला ती बहीण असल्याचं सांगून अलीपूर तुरुंगात जायची. एकदोनदा नव्हे, चाळीसेक वेळा! या भेटींनीच ती पक्की झाली, असं मला वाटतं.

17 सप्टेंबर 1932 ला कल्पना मुलाच्या कपड्यांत टेहळणी करताना पकडली गेली. आठवडाभरात, 23 तारखेच्या रात्री, प्रीतिलता पंजाबी पुरुषाच्या वेशात साथीदारांना घेऊन क्लबवर चालून गेली. तिला गोळी लागली. जिवंत हाती लागायचं नाही म्हणून तिने सायनाइड घेतलं. वय 21. झडतीत तिच्याजवळ पत्रकं, शिट्टी आणि रामकृष्णचा फोटो सापडला.

कल्पना जामिनावर सुटताच भूमिगत झाली. फेब्रुवारी 1933 मध्ये गैराला गावात मास्टरदा पकडले गेले, ती निसटली. मे महिन्यात तीही सापडली. मास्टरदांना 12 जानेवारी 1934 ला फाशी झाली, तिला जन्मठेप. बहुतेक लेख तिला इथेच सोडून देतात, हे मला खटकतं. 1939 मध्ये सुटल्यावर ती कम्युनिस्ट पक्षात गेली, 1943 मध्ये पक्षाचे सरचिटणीस पी. सी. जोशी यांच्याशी लग्न केलं, चितगावच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं, 1946 ची निवडणूक लढवून हरली. तिचं निधन 1995 चं. त्यामुळे काही ठिकाणी ‘कल्पना जोशी’ दिसलं तर ती हीच.

पदवीचीही गंमत बघा. कल्पनाने तुरुंगातून सुटल्यावर राहिलेलं शिक्षण पुरं करून 1940 मध्ये पदवी घेतली. प्रीतिलता परीक्षा केव्हाच उत्तीर्ण झाली होती, पण इंग्रज सरकारने तिची पदवी अडवून धरली. कलकत्ता विद्यापीठाने ती दिली 2012 साली, क्रांतिकारक बीना दास यांच्या पदवीबरोबर.