हरीण टांगतात ते रक्त गळायला नाही

नोव्हेंबर आला की अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन, मिशिगनकडचे हरणांच्या शिकारीचे फोटो फिरायला लागतात, जंगलातली लाकडी खोली, बाहेर दोन झाडांमध्ये आडवा वासा आणि त्याला उलटी टांगलेली हरणं. तिकडे नोकरी करणारा आपला कोणीतरी हे ग्रुपवर टाकतो आणि लगेच दुसरा कोणी सांगतो की रक्त गळावं म्हणून लटकवतात. रक्त जायचं ते पोट साफ करतानाच जवळपास सगळं गेलेलं असतं, मग पुढे कित्येक दिवस टांगून ठेवायचं काय कारण?

कारण स्नायूत आहे. मायोसिन नावाचं प्रोटीन ॲक्टिनच्या धाग्याला पकडून ओढतं, तेव्हा स्नायू आखडतो, हे शाळेत झालंय. गंमत अशी की ही पकड सोडवायला एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, लागतो. प्राणी मेला, ऑक्सिजन बंद झाला, तरी पेशी शिल्लक ग्लायकोजेनवर (स्नायूत साठवलेली साखर) थोडा वेळ एटीपी बनवत राहतात, त्यात लॅक्टिक ॲसिड साठतं आणि पीएच 7 वरून साधारण 5.5 पर्यंत उतरतो. (जखमी होऊन खूप पळालेल्या हरणात ग्लायकोजेन आधीच संपलेलं असतं, म्हणून पीएच नीट उतरत नाही आणि मांस काळपट पडतं, लवकर खराब होतं.) एटीपी संपला की पकडी तशाच अडकतात आणि सगळं अंग लाकडासारखं कडक होतं.

आता खरी भानगड. एटीपी शिल्लक असतानाच स्नायू 10 अंशांच्या खाली गेला तर कॅल्शियम परत पेशीतल्या साठ्यात ओढणारे पंप मंदावतात, स्नायूला आखडायचा इशारा देणारं हे कॅल्शियम मोकळं राहतं आणि स्नायू जोरात आखडून तसाच अडकतो, मग कितीही शिजवा, चिवटच. न्यूझीलंडच्या लॉकर आणि हॅगयार्ड यांनी 1963 मध्ये हे गाईच्या स्नायूंवर दाखवलं. म्हणून मांस घाईघाईने हाडावरून काढून बर्फात टाकू नये, हाडाला धरून असलेला स्नायू तितका आखडू शकत नाही, आणि टांगल्यावर वजनाने काही स्नायू ताणलेलेही राहतात. पुढे, अंग कडक होऊन गेल्यावर, 0 ते 4 अंशांत कॅल्पेन नावाची एन्झाइम्स धाग्यांना धरून ठेवणारी प्रोटीन्स हळूहळू तोडतात आणि मांस मऊ पडतं.

शिकारीच्या कॅम्पचं सामान याच हिशोबाने लावतात. मागच्या पायांच्या टाचेकडच्या स्नायुबंधांमागून (टेंडन) घालायचा लोखंडी आकडा, त्याला गॅम्ब्रेल म्हणतात, तो गंजलाय का, दोर कुठे झिजलाय का हे सीझनच्या आधी बघायचं. चार पदरी कप्पी असेल तर 70 किलोचं हरीण उचलायला 18 किलोच्या आसपास जोर लागतो, घर्षण धरून थोडा जास्त, पण एक मीटर वर न्यायला चार मीटर दोर ओढावा लागतो. माश्या बसू नयेत म्हणून कापडी पिशव्या. आणि थर्मामीटर, तो मात्र लोक विसरतात, दुपारी ऊन पडून 10-12 अंश झालं तर टांगून ठेवण्यात अर्थ नाही, बॅक्टेरिया वाढतात.

आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकार बंद आहे, पण शिकारीच्या मांसाने अंगात ताकद येते ही समजूत काही गेलेली नाही. तो स्नायूच आहे हो, बकऱ्यासारखाच, फक्त चरबी कमी. उलट विस्कॉन्सिनमध्ये 2002 पासून हरणांत प्रिऑनचा, म्हणजे बिघडलेल्या प्रोटीनचा, एक जीवघेणा रोग सापडतोय आणि प्रिऑन शिजवून मरत नाही, टांगून तर नाहीच. माणसाला तो झाल्याचं अजून सिद्ध झालेलं नाही, तरी जिथे हा रोग आहे तिथे मानेकडच्या लसीका ग्रंथी तपासायला देऊन रिपोर्ट येईपर्यंत मांस खायचं नाही, असं तिथली सरकारी खाती सांगतात.