संगीतकारांसाठी रॉयल्टी हिशेबाचे पोर्टल

गायक, वादक, गीतकार आणि संगीतकार यांना त्यांच्या गाण्यांपोटी जमा झालेली रक्कम, तीतून झालेली कपात आणि प्रत्यक्ष बँकेत गेलेले पैसे दाखवणारे संकेतस्थळ किंवा मोबाइल ॲप. ध्वनिमुद्रण कंपन्या, डिजिटल वितरक व हक्कदारांच्या वतीने रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या कॉपीराइट सोसायट्या अशी पोर्टले चालवतात. हिशेब बरोबर ठेवणे हे लेखापालाचे काम. तो कलावंताला उमगेल असा मांडणे हे रचनाकाराचे. प्रस्तुत नोंद दुसऱ्या कामाविषयी आहे आणि तिच्यातील उदाहरणे नाशिक जिल्ह्यातील आहेत.

नाशकातल्या कलावंताला पैशाची भाषा नवी नाही. कार्यक्रमाची सुपारी, गायकाचे मानधन, कीर्तनकाराची बिदागी, ढोलपथकाने तारीख धरताना घेतलेला इसार हे शब्द रोजचे आहेत. हा पैसा समोरासमोर ठरतो आणि बहुधा त्याच रात्री हातात पडतो. रॉयल्टीचे, म्हणजे गाण्याच्या वापरापोटी हक्कदाराला मिळणाऱ्या मोबदल्याचे, तसे नाही. एकाच गाण्यात शब्दांचा, चालीचा, ध्वनिमुद्रणाचा आणि ते गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा असे वेगवेगळे हक्क असतात आणि प्रत्येकाचा हिशेब निराळ्या दाराने येतो. गीतकार-संगीतकारांची इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी १९६९ पासूनची आहे. इंडियन सिंगर्स राइट्स असोसिएशन २०१३ मध्ये नोंदली गेली आणि पुढे तिच्यात वादकही आले. कॉपीराइट अधिनियम, १९५७ मध्ये २०१२ साली दुरुस्ती झाली. चित्रपटातील किंवा ध्वनिमुद्रणातील आपल्या शब्दांच्या व चालीच्या रॉयल्टीचा समान वाटा गीतकार-संगीतकाराला त्यानंतर करारानेही सोडून देता येत नाही. तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. ‘एकरकमी घ्या आणि विसरा’ या जुन्या रिवाजात हिशेबपत्रकाची गरजच पडत नसे. ती गरज या दुरुस्तीने खरी केली.

पत्रकातली सर्वांत घोटाळ्याची ओळ उचलीची. समजा, सटाण्याच्या एका अहिराणी गीतकाराने कंपनीकडून १५,००० रुपये उचल घेतली आणि पहिल्या तिमाहीत त्याच्या नावे ४,२०० रुपये जमा झाले. कंपनी ते उचलीत वळते करते. देय रक्कम शून्य आणि पडद्यावर लाल अक्षरांत ‘−१०,८००’. तो आकडा पाहून माणसाच्या पोटात गोळा येतो: आता आपणच कंपनीला इतके देणे लागतो की काय? प्रत्यक्षात अशी उचल सहसा पुढच्या कमाईतूनच वळती होते, खिशातून परत करायची नसते. ‘उचल १५,०००, फिटले ४,२००, फिटायचे १०,८००, या तिमाहीत बँकेत ०’ अशी मांडणी केली की उणे चिन्हाची आणि लाल रंगाची गरजच उरत नाही. ‘रिकूपमेंट’ (वळती), ‘अनरिकूप्ड बॅलन्स’ (फिटायची बाकी) असले शब्द जसेच्या तसे देवनागरीत उतरवणारी पोर्टले मराठी म्हणवतात, पण ती मराठी नव्हेत. वळती, बाकी, जमा, नावे हे शब्द किराणा दुकानाच्या वहीतही सापडतात, तेच वापरावेत. आकड्यांच्या बाबतीत मात्र उलटा सल्ला द्यावा लागतो. पासबुक आणि बँकेचा एसएमएस इंग्रजी आकड्यांत येतात आणि कलावंत पोर्टल त्यांच्याशीच ताडून पाहतो. तेव्हा मजकूर मराठी आणि आकडे पासबुकातल्यासारखे ठेवलेले बरे. स्वल्पविराम लाख-कोटींच्या पद्धतीने पडले पाहिजेत, हे सांगायला नको. पण परदेशी साच्यावर बांधलेल्या पोर्टलात तेच राहून जाते.

डिजिटल ऐकण्याचा एका वेळचा मोबदला पैशांत, कधी पैशाच्याही अंशात असतो. दोनच दशांश स्थळे दाखवली की ओळीमागून ओळ ०.०० दिसते आणि तळाशी बेरीज मात्र काही शे रुपये येते. ओळींत चार-पाच स्थळे आणि बेरजेत दोन, असा भेद करून तो तिथेच एका वाक्यात सांगावा लागतो. काळाचाही असाच घोळ. भाद्रपदात गणपतीत संगीताच्या ॲपवर ऐकलेल्या गाण्याची कमाई त्या ॲपकडून कंपनीकडे आणि तिथून पत्रकात यायला काही महिने जातात. म्हणून ‘कधी ऐकले गेले’ आणि ‘कधी हिशेबात आले’ या दोन तारखा शेजारीशेजारी हव्यात.

‘माझे गाणे दर वरातीत वाजते, मग ते इथे का नाही?’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक पोर्टले देतच नाहीत. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार धार्मिक समारंभात, तसेच लग्नाच्या मिरवणुकीत व लग्नाशी निगडित सामाजिक समारंभात गाणे वाजवणे हा हक्कभंग ठरत नाही. गंगापूर रोडवरच्या लॉन्सवर हळदीला सबंध रात्र एकच गाणे वाजले, तरी त्याचे पत्रकात काही उमटेलच असे नाही. हे वाचून कलावंत खूश होत नाही, पण निदान आपला हिशेब कोणी दडपला असा संशय तरी घेत नाही.

नावांचा प्रश्न वेगळा. ‘वाघ’ रोमन लिपीत लिहिताना व्ही लावायचा की डब्ल्यू, यावर एकाच घरात एकमत नसते. परिणामी एकाच गायकाची कमाई दोन-तीन नावांखाली विखुरते. गीतकार-संगीतकारांना ओळखीचा आयपीआय क्रमांक असतो, ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा १२ वर्णांचा ओळख-संकेत असतो. जोडणी त्यांवरून व्हावी. पडद्यावर मात्र आधी गाण्याचे नाव देवनागरीत दिसावे, कारण सांकेतिक क्रमांक कोणाच्याच तोंडपाठ नसतो.

चाचणी. आयएसओ ९२४१-११ हे मानक (१९९८, सुधारित २०१८) वापरसुलभता तीन अंगांनी मोजते: काम साधले का, किती श्रमात साधले आणि वापरणारा समाधानी आहे का. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन आणि टॉमस लँडाउअर यांच्या १९९३ च्या गणितानुसार एका वापरकर्त्याकडून सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होतात, म्हणून पाच जणांत सुमारे ८५ टक्के. ‘पाच पुरेत’ हे वाक्य या गणितातूनच पसरले. पण ते पाच जण एकाच जातकुळीचे असावे लागतात. पंचवटीतला भजनी गायक, मालेगावचा अहिराणी गीतकार आणि स्टुडिओत दिवसाच्या बोलीवर वाजवणारा तबलजी यांचे प्रश्न एक नाहीत. चौथा गट तर बहुधा विसरलाच जातो: वडिलांचे पोर्टल चालवणारी मुलगी. वडील कालिदास कलामंदिरात रंगमंचावर, ओटीपी त्यांच्या खिशातल्या फोनवर आणि लेक घरी संगणकापुढे खोळंबलेली. पाहण्यापुरता अधिकार असलेले मदतनीस खाते हा त्यावरचा सरळ उपाय.

वापरताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगणे ही चाचणीची रूढ पद्धत. इथे ती एका सवयीवर अडते. पाहुण्याच्या कामाला नावे ठेवू नयेत म्हणून ज्येष्ठ गायक ‘छान केलंय हो’ म्हणतात आणि चुकीच्या बटणावर दाबत राहतात. दोन साथीदारांना एका फोनपुढे बसवले की ते आपसांत बोलतात, ‘अरे, हे कशाचे कापले?’ आणि तिथे खरी अडचण कळते. मात्र जोडीने बसवायचे तर हिशेब बनावट लागतो, कारण आपली कमाई जोडीदाराला कोणी दाखवत नाही. स्वतःचे खरे पत्रक एकट्याने, घरी, पासबुक शेजारी ठेवून तपासून घ्यावे. कामेही खऱ्या आयुष्यातली द्यावीत. ‘कपातीचा तपशील शोधा’ म्हटले की माणूस तो शब्द पडद्यावर हुडकतो. ‘बँकेत अपेक्षेपेक्षा कमी का आले?’ विचारले की हिशेब वाचतो.

जॉन ब्रूक यांची १९८६ ची, वापरसुलभता मोजणारी दहा विधानांची प्रश्नावली (० ते १०० गुण, सरासरी ६८ च्या आसपास) शेवटी भरून घेतात. तिच्यात होकारार्थी आणि नकारार्थी विधाने आलटून पालटून येतात. त्यांचा मराठी अनुवाद तोंडी वाचून दाखवावा. कागदावर भरताना ‘असहमत’चा नकार विधानातल्या नकाराशी गुंततो आणि गुण उलटे पडतात.

उतरवून घ्यायच्या फाइलचीही चाचणी घ्यावी लागते. देवनागरी असलेली सीएसव्ही (तक्त्याची साधी मजकूर) फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली तर अक्षरांचा अनेकदा कचरा होतो आणि अल्बमचा १३ आकडी क्रमांक घातांकाच्या रूपात दिसतो. रॉयल्टीवर साधारणतः १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापलेला प्राप्तिकर) कापला जातो; २०२५-२६ पासून ही कपात रॉयल्टी वर्षाला ५०,००० रुपयांच्या वर गेल्यावर लागू होते. कापलेली रक्कम प्राप्तिकर खात्याच्या २६एएस या करपत्रकात दिसते, तेव्हा पोर्टलवरही ढोबळ रक्कम, टीडीएस आणि निव्वळ रक्कम आर्थिक वर्षानुसार एका पानावर मिळाली पाहिजे. कलावंत ते पान स्वतः क्वचितच वाचतो. जुलैत विवरणपत्राच्या घाईत कर सल्लागार ते व्हॉट्सॲपवर मागवतो, म्हणून ते फोनवरून पाठवता येईल अशा एका पानाच्या पीडीएफमध्ये असावे.