गावचं जुनं चर्च दुरुस्त करायचंय? अर्ज कोणी करायचा, परवानग्या कुणाच्या, कागद कोणते

कोकणात चर्चच्या छपराला हात लावायचे दिवस ऑक्टोबर ते मे. त्यामुळे कागद पावसाळ्यातच हलवायला हवेत, आणि नेमकं तेच राहून जातं. नाताळनंतर वर्गणी सुरू होते, फेब्रुवारीत सुतार मिळतो, मार्चमध्ये कुणीतरी विचारतं, ‘परवानगी घेतली का?’ आणि आणखी एक पावसाळा भिंतीत मुरतो. खालची माहिती वसईपासून सावंतवाडीपर्यंतच्या कॅथलिक धर्मग्रामांसाठी (पॅरिशसाठी) आहे.

अर्जदार कोण, हे आधी ठरवा. चर्चच्या कायद्यानुसार (१९८३ची संहिता, कलम ५३२) धर्मग्रामाच्या कायदेशीर कामात प्रतिनिधित्व प्रमुख धर्मगुरू करतात. वाडीचं मंडळ, युवक संघटना, सणाची कमिटी यांनी पैसे आणि श्रम द्यावेत, पण त्यांच्या लेटरहेडवरचा अर्ज ग्राह्य धरला जात नाही. सरकारी कार्यालयासाठी अर्जदार म्हणजे मिळकत ज्याच्या नावावर आहे तो सार्वजनिक न्यास. कुठे तो धर्मप्रांताचा (बिशपांच्या अखत्यारीतल्या विभागाचा) असतो, कुठे चर्चचा स्वतःचा. म्हणून तीन कागद आधी काढा: सातबारा किंवा मिळकत पत्रिका, ग्रामपंचायतीचा नमुना ८चा उतारा आणि धर्मादाय कार्यालयातला न्यास नोंदणीचा उतारा. तिन्हींवरची नावं एकमेकांशी जुळतात का, ते ओळीवर बोट ठेवून तपासा.

बहुतेक वेळा ती जुळत नाहीत. फादरांची बदली होते, पण न्यासाच्या नोंदीत जुनंच नाव राहतं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ नुसार असा बदल ९० दिवसांत कळवावा लागतो. आमच्याकडे ते राहून गेलं होतं. कौलं उतरवून झाली आणि बँकेने सही अडवली. आल्ताराच्या (वेदीच्या) वर महिनाभर ताडपत्री होती आणि आम्ही त्याखाली मिस्सा (प्रार्थनाविधी) ऐकत होतो. ते दिवस आठवले की अजून जीव कळवळतो.

यानंतर धर्मप्रांताची परवानगी. वसई धर्मप्रांत १९९८मध्ये मुंबईतून वेगळा झाला, सिंधुदुर्ग २००५मध्ये पुण्यातून. रायगडकरांचं काम अजून मुंबई महाधर्मप्रांताकडेच आहे. फुटकी कौलं बदलणं, पन्हळ साफ करणं, चुन्याचा हात देणं ही नित्याची कामं. धर्मगुरू आणि वित्त समिती ती आपसात ठरवतात. वित्त समिती प्रत्येक धर्मग्रामात असलीच पाहिजे, असं चर्चच्या संहितेचं कलम ५३७ सांगतं. त्यापलीकडच्या खर्चाला बिशपांची लेखी परवानगी लागते (कलम १२८१). खर्चाची मर्यादा प्रत्येक धर्मप्रांत स्वतः ठरवतो, ती बिशप हाउसमधून लेखी घ्या. सोबत समितीचा ठराव, अभियंत्याचा अहवाल, अंदाजपत्रक, निधी कुठून येणार त्याचा तपशील आणि फोटो जोडायचे. जुनी लाकडी मूर्ती किंवा सोनेरी वर्ख असलेला आल्तार दुरुस्त करायचा असेल, तर कलम ११८९ प्रमाणे वेगळी लेखी परवानगी लागते आणि ती देण्याआधी जाणकारांचा सल्ला घेतला जातो. या कलमासाठी मी हात जोडून सांगेन. ऑइल पेंटचा डबा घेऊन भक्तिभावाने आलेल्या माणसाला थांबवायला तेवढा एकच आधार असतो.

अंदाजपत्रकाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण चर्च वाचतं किंवा बिघडतं ते इथेच. आपली जुनी चर्चं जांभ्या दगडाची आणि चुन्याची. जांभा पाणी पितो आणि उन्हाळ्यात चुन्यातून ते बाहेर सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, मिठाचे पांढरे फुलोरे येतात आणि काही पावसाळ्यांत गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. खाऱ्या हवेत सळया गंजून स्लॅब फुटतो ते वेगळंच. म्हणून अंदाजपत्रकात ‘गिलावा’ एवढंच लिहून चालणार नाही, ‘चुन्याचा गिलावा’ असं स्पष्ट हवं. वासे सागाचे की लोखंडी, कौलं मंगलोरी की पत्रा, हेही लिहून घ्या. तोंडी ठरलेलं काम ठेकेदार आपल्या सोयीने करतो.

ग्रामपंचायतीकडे, हद्द शहराची असेल तर नगरपरिषदेकडे किंवा महापालिकेकडे, उतारे, नकाशा, न्यासाचा ठराव आणि बिशपांचं पत्र द्या. जोतं आणि उंची बदलत नसेल तरी लेखी कळवून पोच घ्या. खोली वाढवणं किंवा मनोरा उंच करणं हे नवं बांधकाम धरलं जातं. रस्त्याकडेचा कुरूस (क्रूस) या अर्जात घालू नका. सार्वजनिक जागेवरच्या धार्मिक बांधकामांबाबत सर्वोच्च न्यायालयाचे २००९चे आदेश आहेत, तो वेगळा विषय आहे.

चर्च समुद्र-खाडीजवळ असेल तर सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम, पाहावे लागतात. अस्तित्वातल्या अधिकृत बांधकामाची दुरुस्ती विनाविकास पट्ट्यातही करता येते, अट अशी की जोत्याचं क्षेत्र आणि चटई क्षेत्र वाढता कामा नये. वास्तू जुनी आहे हे दाखवायला जुनी घरपट्टी, दारावरच्या कोरीव सालाचा फोटो, बाप्तिस्मा नोंदवहीचं पहिलं पान, जे मिळेल ते जोडा. वसईच्या किल्ल्यासारख्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम वर्ज्य आहे आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित आहेत. त्या १०० मीटरमधली इमारत १६ जून १९९२ पूर्वीची असेल तर दुरुस्तीसाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. कायद्यातल्या मुदती जोडल्या तर साडेतीन महिने होतात, म्हणून हा अर्ज जूनच्या आत टाका.

आता परदेशातून येणारे पैसे. आखातात किंवा बोटीवर असलेला आपला मुलगा भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी ठरत नाही. त्याने परदेशी पासपोर्ट घेतला असेल, मग ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड असलं तरी, ती देणगी एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली येते. त्यासाठी न्यासाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेकडे घेऊन आपल्याकडे वळवणं २०२०च्या दुरुस्तीने बंद झालं आहे. म्हणून प्रत्येक दात्याकडून नागरिकत्वाचं साधं घोषणापत्र आधी घ्या, पावती नंतर फाडा.

काम संपल्यावर बिलं, फोटो, ठेकेदाराचा करार आणि चुन्याचं प्रमाण लिहिलेला कागद धर्मग्रामाच्या दप्तरात ठेवा, आणि मालमत्तेच्या यादीत नोंद करून त्याची एक प्रत बिशप हाउसला पाठवा.