थ्री मिनिट थीसिस

थ्री मिनिट थीसिस ही संशोधक विद्यार्थ्यांची वक्तृत्वस्पर्धा आहे. पीएच.डी.साठी वर्षानुवर्षे चाललेले काम, त्या विषयाशी काहीही संबंध नसलेल्या श्रोत्यांना तीन मिनिटांत समजावून सांगायचे असते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठाने ती २००८ मध्ये सुरू केली. राज्यात तेव्हा तीव्र दुष्काळ होता. पाणी वाचावे म्हणून अंघोळ आटोपती घ्या असे लोकांना सांगितले जाई आणि अनेक न्हाणीघरांच्या भिंतीवर तीन मिनिटे मोजणारे छोटे घड्याळ लावलेले असे. विद्यापीठाच्या ग्रॅज्युएट स्कूलचे तत्कालीन अधिष्ठाता ॲलन लॉसन यांनी हीच मर्यादा प्रबंधाच्या सादरीकरणाला लावली. पहिल्या वर्षी १६० विद्यार्थ्यांनी भाग घेतला. आता ८५ हून अधिक देशांतील ९०० हून अधिक विद्यापीठांत ही स्पर्धा होते. फ्रेंच भाषेतील ‘मा तेझ आं १८० सगोंद’ (माझा प्रबंध १८० सेकंदांत) ही स्पर्धा हिच्याच प्रेरणेने २०१२ मध्ये कॅनडाच्या फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांतात सुरू झाली.

नियम मोजके पण कडक आहेत. पडद्यावर एकच स्थिर स्लाइड. हलती चित्रे, ध्वनी किंवा हातात दाखवायच्या वस्तू चालत नाहीत. कविता किंवा गाणेही नाही, साधे बोलणेच हवे. तीन मिनिटांच्या वर गेलेला स्पर्धक बाद होतो. पदवी मिळून गेलेल्यांना भाग घेता येत नाही. परीक्षक दोन गोष्टी पाहतात : आशय कितपत समजला आणि श्रोते कितपत गुंतले.

सावकाश बोलले तर एवढ्या वेळात जेमतेम चारशे शब्द होतात. त्यामुळे खरी कसोटी वगळण्याची असते. प्रबंधात पूर्वीच्या संशोधनाचा आढावा, मग पद्धती आणि शेवटी निष्कर्ष असा क्रम असतो. इथे तो बहुधा मोडावा लागतो. जिवाणूंच्या एखाद्या प्रथिनाच्या रचनेवर काम करणाऱ्याने प्रथिनाच्या नावाने सुरुवात केली, तर श्रोते पहिल्याच वाक्याला सुटतात. काही जिवाणू प्रतिजैविकांना दाद का देत नाहीत, या प्रश्नाने सुरुवात केली की प्रथिन कोणते याची उत्सुकता त्यांनाच लागते. पद्धतीतली एखादीच पायरी सांगावी, आकडा शक्यतो एकच. पारिभाषिक शब्द टाळता येत नसेल तर ती गोष्ट काय करते ते सांगावे. व्याख्या देत बसू नये.

सोपे करणे आणि खोटे करणे यांतली रेषा मात्र इथे फार पातळ असते. उंदरांत दिसलेला परिणाम माणसांतही दिसेल असे नुसते सुचवले तरी टाळ्या वाढतात. म्हणून काटछाट करताना ‘अजून’, ‘बहुधा’, ‘फक्त या परिस्थितीत’ हे शब्द शेवटपर्यंत राखले पाहिजेत. निष्कर्ष कुठवर लागू पडतो हा निष्कर्षाचाच भाग आहे.

रोग, पीक, पाणी अशा विषयांना हा साचा सहज मानवतो. शुद्ध गणित किंवा प्राचीन हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेवर (वेगवेगळ्या प्रती ताडून मूळ मजकूर ठरवण्यावर) काम करणाऱ्यांची वाट अवघड असते, कारण लगेच दाखवता येईल असा उपयोग त्यांच्या हाती नसतो. उसना उपयोग चिकटवण्यापेक्षा तो प्रश्न इतकी वर्षे का सुटला नाही हे त्यांनी सांगावे. श्रोत्यांना तेही भिडते.

तयारीची सर्वांत उपयुक्त रीत साधी आहे. मार्गदर्शकांना किंवा सहकाऱ्यांना ऐकवण्याआधी दुसऱ्या विद्याशाखेतल्या कुणाला तरी ऐकवावे आणि काय समजले ते त्याच्याच शब्दांत सांगायला लावावे. तो जिथे अडखळतो किंवा भलतेच सांगतो, तेवढाच भाग पुन्हा लिहावा.